तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रपाळीचे डॉलर

"मॅडम, तिकडे रेसिडेन्सी करताना बाहेर नाइट ड्युट्या करता येतात ना?" अमेरिकेत रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या स्पेशालिटी ट्रेनिंगची, जागा मिळाल्याचा ('मॅच' झाल्याचा) मेसेज येतो, त्याच्या पाठोपाठ हा प्रश्न. चूक त्यांची नाही. इंटर्नशिप संपली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर हातात पडला, की आपल्याकडे कुठल्याही नर्सिंग होममध्ये आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्री काढता येतात. मीही काढल्यात. पीजीच्या अभ्यासाची पुस्तकं त्यातूनच आली.

तर आधी व्हिसा कोणता ते सांगा. जे-वन (ट्रेनिंगसाठी येणाऱ्यांचा व्हिसा) असेल तर विषय संपला. प्रोग्रॅमबाहेरच्या कामाचा एक डॉलरही घेता येत नाही. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) असेल तर मुळात तो मिळायलाच स्टेप थ्री, म्हणजे तिथल्या लायसन्सच्या परीक्षेचा शेवटचा टप्पा, पास लागते, आणि बाहेर काम करायचं तर त्या दुसऱ्या हॉस्पिटलनं तुमच्यासाठी वेगळा अर्ज भरायचा. महिन्याच्या दोन रात्रींसाठी वकील कोण लावतो?

ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना व्हिसाची अडचण नाही, पण पहिल्या वर्षी त्यांनाही मनाई. नंतर प्रोग्रॅम डायरेक्टरची लेखी परवानगी. आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांच्या सरासरीनं. ही जादा कामंही त्यातच धरतात. आयसीयूच्या महिन्यात ते तास कसे भरतात हे ज्यानं भोगलंय तो शनिवारची रात्र विकायला जाणार नाही. (जातात, तरीही. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असतं.)

खरी मेख लायसन्सची. रेसिडेंट काम करतो ते बहुतेक ठिकाणी ट्रेनिंगच्या परवान्यावर, आणि तो आपल्या प्रोग्रॅमपुरताच. बाहेर पूर्ण लायसन्स लागतं. अमेरिकेतल्या पदवीधराला ते बऱ्याच राज्यांत एका वर्षाच्या ट्रेनिंगवर मिळतं. आपल्यासारख्यांना अनेक ठिकाणी दोन किंवा तीन वर्षं थांबावं लागतं. शिवाय आपल्या हॉस्पिटलचा विमा बाहेरच्या चुकांना लागू होत नाही, हे कुणी विचारतच नाही.

मी जे-वनवर होते, त्यामुळे जादा कमाईचा प्रश्न नव्हता. पण पुढच्या नोकरीसाठी लायसन्स हवंच होतं. त्यासाठी भारतातल्या माझ्या कॉलेजनं शिक्का मारून कागद थेट पाठवायचा होता. माझ्या हातून गेलेला चालत नाही. बाबा पाच वेळा ऑफिसात गेले. एकदा साहेब रजेवर, एकदा जेवणाची सुट्टी, एकदा शिक्काच कपाटात आणि किल्ली भलत्याकडे. शेवटी ते कुरिअरवाल्यालाच सोबत घेऊन गेले आणि कारकुनासमोर बसून राहिले.

लायसन्स आलं तेव्हा रेसिडेन्सीचे अठरा दिवस उरले होते. बाबांनी फोनवर विचारलं, "मग आता नाइट ड्युटी करू शकतेस ना?"