अर्ज भरताना संपणारे सेशन : एका दुरुस्तीचा अनुभव

एका शिक्षणसंस्थेच्या शिष्यवृत्ती अर्जाची ऑनलाइन प्रणाली देखभालीसाठी माझ्याकडे आली, तेव्हा बहुतेक तक्रारींचा सूर एकच होता : सगळी माहिती भरून 'जतन करा' दाबावे, तर लॉगिनचे पान पुढे येते आणि लिहिलेले सारे जाते. सेशनची, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर वापरकर्त्याला ओळखत राहतो त्या काळाची, मुदत सरळ चार तास करून टाका, असा सल्ला मिळाला. तो मला पटला नाही. हे अर्ज बऱ्याचदा सायबर कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरले जातात. लॉगआउट न करता उठून गेलेल्या विद्यार्थ्याचा आधार आणि बँक खात्याचा क्रमांक त्याच खुर्चीवर बसणाऱ्या पुढच्या माणसासमोर उघडा राहणे, हे अर्ज पुन्हा भरावा लागण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

प्रणाली पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत होती आणि तिथे सेशनची मुदत मूळ मूल्यावरच, म्हणजे १४४० सेकंदांवर (२४ मिनिटे) होती. सर्व्हरला हालचाल कळते ती ब्राउझरकडून विनंती आल्यावरच. त्यामुळे विद्यार्थी अर्धा तास सलग टंकत असला, तरी सर्व्हरच्या लेखी तो स्वस्थ बसलेला असतो. शिवाय ही मुदत काटेकोर नसते, कारण जुनी सेशन काढून टाकण्याचे काम मूळ रचनेत साधारण शंभरातल्या एखाद्या विनंतीच्या वेळीच होते. कार्यालयात मात्र ही तक्रार कोणालाच दिसत नव्हती. तिथे मुख्य पान दुसऱ्या टॅबमध्ये कायम उघडे असे, नव्या सूचना आल्या का हे ते दर मिनिटाला सर्व्हरला विचारी, आणि तेवढ्यावर सेशन जिवंत राही.

म्हणून शेवटच्या हालचालीची वेळ मी सेशनमध्येच नोंदवू लागलो, आणि आपोआप जाणाऱ्या विनंत्या त्या हिशेबातून वगळल्या. टंकन चालू असेल, तर ठरावीक अंतराने अर्जाचा मसुदा सर्व्हरवर जतन होतो आणि मुदतही पुढे सरकते. मसुदा ब्राउझरमध्ये ठेवणे सोपे होते, पण सार्वजनिक संगणकावर ते योग्य नाही.

मुदत संपत आल्याचा इशारा देणाऱ्या खिडकीने सर्वांत जास्त वेळ घेतला. ब्राउझरमधल्या टायमरवर विसंबता येत नाही : जानेवारी २०२१ मधल्या क्रोम ८८ पासून, पाच मिनिटांहून अधिक काळ मागे पडलेल्या टॅबमधले टायमर मिनिटातून एकदाच चालू शकतात, आणि लॅपटॉप मिटला की ते थांबतातच. त्यामुळे सेकंद मोजत न बसता टॅब पुन्हा समोर आला की सर्व्हरलाच उरलेला वेळ विचारायचा, असे ठरवले. संगणकाचे घड्याळ चुकीचे असू शकते, म्हणून उत्तरात वेळ न देता शिल्लक सेकंद दिले, आणि या चौकशीने मुदत वाढणार नाही याची काळजी घेतली. डब्ल्यूसीएजी या सुगम्यता निकषांनुसार इशाऱ्यानंतर किमान २० सेकंद मिळावेत आणि साध्या कृतीने मुदत निदान दहा वेळा वाढवता यावी. मी दोन मिनिटे ठेवली. कागदपत्रे चाळणाऱ्या माणसाची नजर पडद्याकडे वळायलाच तेवढा वेळ लागतो. स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) दर सेकंदाचा आकडा वाचू लागला तर ऐकणारा हैराण होतो, म्हणून उरलेला वेळ सुरुवातीला आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एवढाच ऐकवला. एका टॅबमध्ये 'काम चालू ठेवा' दाबले की बाकीच्या टॅबमधला इशाराही नाहीसा होतो.

सर्वांत घातक दोष मुदत संपल्यानंतरचा निघाला. कागदपत्र चढवण्याच्या विनंतीला सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवी, ब्राउझर निमूटपणे तिकडे जाई, 'सारे ठीक' असा २०० हा संकेत परत येई, आणि काहीही जतन झालेले नसताना पडद्यावर 'यशस्वी' असे झळके. आता अशा वेळी 'लॉगिन आवश्यक' असा ४०१ हा संकेत येतो, पडद्यावरचा अर्ज पुसला जातो आणि पुन्हा लॉगिन केल्यावर ज्याचा मसुदा त्यालाच दिसतो. मुदत संपताना इंटरनेट बंद असेल, तर मात्र पान सर्व्हरची वाट न पाहता शेवटच्या उत्तरात मिळालेल्या मुदतीनुसार स्वतःच अर्ज पुसून टाकते.