‘हे घेतलं तर चालेल का?’ विचारायला कुणीतरी हवं

दिवस गेल्यावर बाईच्या डोक्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न कुठला असेल तर तो हा, की मी हे जे घेतेय ते बाळाला बाधेल का. डोकं ठणकतंय, गोळी घेऊ का? थायरॉइडची चालू आहे, ती सोडू का? दाताचा एक्सरे काढला तेव्हा मला माहीतच नव्हतं की दिवस गेलेत, आता काय करू? आणि उत्तर कुठे शोधायचं तर औषधाच्या खोक्यातल्या त्या घडी घातलेल्या कागदावर, जिथे लिहिलेलं असतं डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टरांकडे बाहेर वीस पेशंट बसलेले असतात म्हणून ते म्हणतात शक्यतो टाळा, घरातले म्हणतात काहीच घेऊ नकोस, आणि मग रात्री एक वाजता मोबाईलवर सर्च करत करत बाई रडकुंडीला येते.

मी फार्मसी शिकलेय त्यामुळे नात्यातले, मैत्रिणींचे असे फोन मला नेहमीच येतात आणि मी जमेल तेवढं सांगते. पण खरं सांगू का, हे काम नात्यातल्या एखाद्या शिकलेल्या बाईच्या भरवशावर सोडायचं नाहीच आहे मुळी. जगात काही ठिकाणी फक्त याच कामासाठी मोफत सेवा आहेत, बऱ्याचशा सरकारी पैशावर नाहीतर विद्यापीठांच्या आधाराने चालणाऱ्या. फोन करा, चॅट करा, गरोदर असाल, होणार असाल, अंगावर पाजत असाल, तुमच्या औषधाबद्दल शिकलेला माणूस तुमच्याशी निवांत बोलतो. जन्मजात व्यंगं टाळायची म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सोनोग्राफी येते, महागड्या टेस्ट येतात, पण वेळेवर मिळालेली बरोबर माहिती हाही तितकाच मोठा उपाय आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलतच नाही.

थोडं मागे जाऊया. थॅलिडोमाइड 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, झोपेची गोळी म्हणून, आणि पुढे गरोदर बायका मळमळीसाठीही ती घ्यायला लागल्या कारण ती एकदम सुरक्षित म्हणून विकली जात होती. हात नसलेली, पाय नसलेली, खांद्यालाच पंजा जोडल्यासारखी बाळं जन्माला यायला लागली आणि नेमकं कशामुळे ते कळेपर्यंत 1961 चा नोव्हेंबर उजाडला. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं राहून एकच गोष्ट ओळखली. जगभरात दहा हजारांच्या वर बाळं बाधित झाली असं मानतात, शिवाय पोटातच गेली ती वेगळीच. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई औषध मंजुरीच्या खात्यात होत्या, कंपनी मागे लागलेली असताना त्यांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून फाइलवर सही केली नाही, आणि तिथल्या हजारो मुलांचे हातपाय वाचले.

थॅलिडोमाइडने अजून एक गोष्ट शिकवली जी लोकांपर्यंत फार कमी पोचलीय. ती गोळी सगळ्या दिवसांत सारखीच घातक नव्हती. गर्भ राहिल्यापासून साधारण 20 व्या ते 36 व्या दिवसाच्या आत घेतली तर हातपाय, कान वगैरे बिघडायचे, त्याच्या बऱ्याच नंतर ज्यांनी पहिल्यांदा घेतली त्यांच्या बाळांना ही व्यंगं आली नाहीत. म्हणजे नुसतं औषधाचं नाव पुरत नाही, कधी घेतलं, किती घेतलं, किती दिवस घेतलं हे सगळं विचारावं लागतं. छापील कागद हे विचारू शकत नाही, माणूस विचारू शकतो. अमेरिकेत 1979 साली गरोदरपणातल्या धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं आली औषधांना, आणि ती इतकी सोपी वाटायची की सगळे त्यालाच चिकटून बसले, पण बहुतेक औषधं ‘सी’ मध्ये पडायची म्हणजे धड हो नाही धड नाही, शेवटी 2015 पासून ती अक्षरं मोडीत काढून नीट वाक्यांत माहिती लिहायचा नियम केला. तरी आजही लोक विचारतात, अहो ही गोळी बी मधली की सी मधली?

आता भीतीबद्दल बोलते कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. कुठलंही औषध न घेतलेल्या, एकदम ठणठणीत बाईच्या बाळातही मोठं व्यंग असण्याची शक्यता साधारण 3 टक्के असतेच. टोरोंटोमध्ये 1989 साली एक अभ्यास झाला होता, त्यात ज्या बायकांनी निर्धोक समजली जाणारी औषधं घेतली होती त्यांना विचारलं की तुमच्या मते बाळात व्यंग असण्याची शक्यता किती, तर त्यांचा अंदाज सरासरी 24 टक्क्यांच्या आसपास निघाला! चारातलं एक बाळ! एवढी भीती मनात असेल तर बाई काय करेल? एकतर आपली गरजेची गोळी परस्पर सोडून देईल नाहीतर हवंसं असलेलं मूल पाडायला जाईल. हे मी मनाचं सांगत नाहीये. 1986 ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा ग्रीसमध्ये पोचलेला किरणोत्सर्ग गर्भाला इजा करण्याइतका नव्हताच, पण अफवा आणि उलटसुलट बातम्या इतक्या पसरल्या की त्या सुमाराला सुरुवातीच्या दिवसांत असलेल्या गरोदरपणांपैकी साधारण 23 टक्के गर्भपाताने संपवले गेले असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. ती बाळं किरणोत्सर्गाने गेली नाहीत, कुणी नीट सांगितलं नाही म्हणून गेली. मला हे वाचून फार त्रास झाला होता, अजूनही होतो.

माझ्या चुलत बहिणीचा फोन आला होता असाच. आवाज एकदम बसलेला. म्हणाली, "ताई, मला सहावा आठवडा चालू आहे आणि मागच्या आठवड्यात मी ताप होता म्हणून ढीगभर गोळ्या घेतल्यात, मला माहीतच नव्हतं गं, आता हे म्हणतायत रिस्क नको, पुढच्या वेळी बघू." मी म्हटलं, "थांब, आधी पाकिटं आण सगळी आणि एकेक नाव वाच." ती वाचत गेली. पॅरासिटामॉल, अ‍ॅमॉक्सिसिलिन पाच दिवस, सर्दीसाठी सेटिरिझिन रात्री एक. ताप किती होता? 101 च्या वर गेला नाही. बाकी काही चालू आहे का, पिंपल्सच्या गोळ्या, फिटच्या, बीपीच्या? नाही. दारू, सिगरेट? नाही गं. आणि हो, दाताचा एक्सरे. या यादीत बाळाला व्यंग येईल असं काहीच नव्हतं. ही तिन्ही औषधं गरोदर बायकांनी वर्षानुवर्षं घेतलेली आहेत आणि त्यांनी व्यंगं वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही, ताप अंगावर काढण्यापेक्षा उतरवलेला बरा कारण सुरुवातीच्या दिवसांतला जोराचा ताप हाच काळजीचा असतो, आणि दाताच्या एक्सरेचे किरण पोटापर्यंत पोचतात ते इतके नगण्य की गर्भाच्या बाबतीत ज्या 50 मिलिग्रेच्या (हे किरणांचं माप) खाली व्यंगाचा धोका वाढलेला दिसत नाही त्याच्या ते जवळपासही जात नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आणि भाऊजी तीच यादी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनीही यादी बघून तेच सांगितलं आणि पुढच्या वेळीचा विषय तिथेच बंद झाला.

मी विचारले ते प्रश्न माझे नाहीत, अशा सेवांमधले लोक हेच विचारतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला 1979 मध्ये डॉ. केनेथ लायन्स जोन्स यांनी अशी फोन सेवा सुरू केली. हे तेच जोन्स ज्यांनी डेव्हिड स्मिथ यांच्याबरोबर 1973 साली, आईच्या दारूमुळे बाळाच्या चेहऱ्यावर, वाढीवर आणि मेंदूवर होणारा ठरावीक परिणाम नाव देऊन जगासमोर मांडला. पुढे अमेरिकेतल्या, कॅनडातल्या अशा सेवांची एकत्र संघटना झाली, आज त्यांची मदरटूबेबी नावाची सेवा आहे. फोन, मेसेज, चॅट सगळं फुकट आणि गुप्त. युरोपात 1990 पासून अशा केंद्रांचं एन्टिस नावाचं जाळं आहे. डॉक्टर आणि नर्सही तिथे फोन करतात आणि त्यात काही कमीपणा नाही, हजारो औषधांचं सगळं कुणाच्याच डोक्यात मावत नाही.

पण भीती कमी करणं म्हणजे सगळं चालतं असं सांगणं नव्हे, हे पण तितकंच महत्त्वाचं आहे. पिंपल्ससाठीचं आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणात अजिबात नाही, एक दिवससुद्धा नाही, बाळाचा मेंदू, हृदय, कान सगळ्यावर परिणाम होतो, आणि गोळी बंद केल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात मोठं व्यंग दिसतं आणि त्याहून कितीतरी जास्त मुलांच्या वाढीवर, बोलण्यावर, शिकण्यावर परिणाम होतो. पण म्हणून फिट येणाऱ्या बाईने पाळी चुकली की गोळ्या फेकून द्यायच्या का? तर नाही ना, मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम अशी बरीच कमी धोक्याची औषधं आहेत, ज्यांना चालतील त्यांना डॉक्टर हळूहळू त्यावर आणू शकतात, पण हे सगळं दिवस जायच्या आधी करायचं असतं. आधी! हा शब्द मी दहा वेळा लिहीन.

फॉलिक अ‍ॅसिडचंही तेच. बाळाचा मणका आणि मेंदू ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येक बायकांनी तोवर टेस्टही केलेली नसते. ती नीट बंद झाली नाही तर मणका उघडा राहतो. 1991 साली एका मोठ्या चाचणीत, ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा बायकांना जास्त डोसचं फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. बाकीच्यांसाठी रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. आणि तरीही पहिल्या तपासणीला आठव्या-दहाव्या आठवड्यात ही गोळी हातात पडते तेव्हा ती नळी कधीच बंद झालेली असते. म्हणूनच अमेरिकेत 1998 पासून धान्याच्या पिठातच ते घालायची सक्ती केली, म्हणजे न ठरवता दिवस गेले तरी थोडंफार पोटात असतंच, आणि त्याने दरवर्षी तिथली साधारण 1300 बाळं या व्यंगापासून वाचतात. सार्वजनिक कार्यक्रम असा असावा, बाईच्या आठवणीवर आणि नशिबावर न सोडलेला.

रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, लस तशीच. 1941 साली ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांना एकामागून एक मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं दिसायला लागली आणि त्यांनी आयांशी बोलून शोधलं की गरोदरपणात त्यांना रुबेला होऊन गेला होता. लसीमुळे 2015 साली उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून रुबेलामुक्त जाहीर झाल्या. ही लस पण दिवस जायच्या आधीच घ्यायची असते, गरोदरपणात देत नाहीत.

बाळ झाल्यावर विषय संपतो असं वाटतं पण तेव्हा तर निम्मे फोन दुधावरून येतात. "मला अ‍ॅन्टिबायोटिक दिलंय, म्हणाले दूध तोडा पाच दिवस." अहो पाच दिवस दूध तोडलं की बाळ परत नीट लागेलच याची खात्री नाही, छाती दगडासारखी होते ते वेगळंच! बहुतेक औषधं दुधात उतरतात ती अगदी थोडी. हिशोब असा करतात की बाळाच्या वजनाच्या मानाने त्याला मिळणारा डोस आईच्या डोसच्या किती टक्के आहे, आणि तो 10 टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, नेहमीची बरीच अ‍ॅन्टिबायोटिक्स चालतात. कॅन्सरची औषधं, रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडिन नाही चालत. कोडीनपासून लांब राहायचं, काही बायकांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार पटकन होतं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. बाळ किती दिवसांचं आहे तेही बघायचं, कमी दिवसांच्या बाळाचा विचार सहा महिन्यांच्या बाळासारखा करता येत नाही. लॅक्टमेड म्हणून अमेरिकन सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर दूध आणि औषधांचा डेटाबेस आहे, 2006 पासूनचा, कुणालाही फुकट उघडता येतो. डॉक्टर दूध तोडा म्हणाले तर त्यांना आदराने एवढंच विचारा की तुम्ही एकदा तिथे बघाल का किंवा दुसरं चालणारं औषध आहे का. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

आणि ही माहिती येते कुठून, तर गरोदर बायकांवर नव्या औषधांच्या चाचण्या सहसा करतच नाहीत, म्हणून औषध बाजारात येतं तेव्हा त्यांच्यासाठीचं उत्तर जवळपास कोरं असतं. ते भरतं फोन करणाऱ्या बायकांमुळेच. मदरटूबेबीसारख्या सेवा त्यांना विचारतात की तुमचं काय होतं ते आम्ही पुढे बघू का, औषध बदलायला कुणी सांगत नाही, फक्त मधून मधून फोन, बाळ झाल्यावर त्याच्या तपासण्यांची नोंद, काही अभ्यासांत व्यंगं ओळखणारे तज्ज्ञ बाळाला स्वतः तपासतात, आणि मग औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना. दमा, संधिवात, फिट्स, लसी, कितीतरी गोष्टींची उत्तरं अशीच मिळालीत. तुम्ही राहता तिथे अशी कुठली नोंदणी चालू असेल आणि तुमचं औषध त्यात बसत असेल तर डॉक्टरांशी बोलून नाव नक्की द्या.