पंपाची ऑर्डर थांबवली तो दिवस

आमच्याकडे सीललेस पंप बनतात आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं मी बघते. मार्चअखेरीला दुबईच्या एका ट्रेडरची हॅस्टेलॉय पंपांची (जहाल रसायनांनी न गंजणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूच्या) मोठी ऑर्डर आली, तीही शंभर टक्के ॲडव्हान्सवर. सेल्सवाले खुशीत होते.

या पंपात शाफ्ट बाहेर येतच नाही. बाहेरचं चुंबक पातळ कॅनच्या, म्हणजे बंद कवचाच्या, आडून आतल्या चुंबकाला फिरवतं, त्यामुळे गळायला जागाच राहत नाही. औषध कंपन्यांना तो लागतो तो याचसाठी. पण जहाल रसायन थेंबही न सांडता खेळवायचं काम विषारी वायू बनवणाऱ्यालाही असतंच. म्हणून ताशी 600 लिटरच्या वरचा हॅस्टेलॉयचा असा पंप ‘स्कोमेट’ यादीत, म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येणाऱ्या वस्तूंच्या सरकारी यादीत, येतो आणि डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही.

मी ट्रेडरला एंड यूजर, म्हणजे पंप शेवटी कोण वापरणार, ते विचारलं. “ग्राहकाचं नाव गोपनीय आहे,” असं उत्तर आलं. पंपातून काय जाणार, तेही सांगेनात. कमिशनिंगला, म्हणजे पंप बसवून चालू करून द्यायला, आमचा इंजिनिअर नको म्हणाले, तिथे मात्र मला खटकलं. एवढा महागडा पंप घेणारा आमच्या माणसाची वाट बघत असतो.

“मॅडम, पंप आहे हो, तोफ नाही,” सेल्सचे सर म्हणाले. “आपण नाही दिला तर दुसरा कोणी देईल.”

ऐंशीच्या दशकात इराकच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. रासायनिक अस्त्रांसाठी लागणारी यंत्रं आणि रसायनं युरोपातल्या कंपन्यांनी साध्या व्यापारातून पुरवली. 1988 च्या मार्चमध्ये इराकमधल्या हलब्जा शहरात इराकी सैन्याच्या विषारी वायूने हजारो कुर्द तडफडून मेले, त्यात लहान मुलंही होती. तो सगळा पुरवठा कुणीतरी इन्व्हॉइस करूनच पाठवला होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. असा पुरवठा थांबवायला त्याआधीच, 1985 मध्ये, ऑस्ट्रेलिया ग्रुप हा अशा निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला होता. 2018 पासून भारतही त्यात आहे. एखाद्या सरकारने परवाना नाकारला की ते बाकीच्यांना कळवतं, म्हणजे ‘दुसरा कोणी’ सहजासहजी मिळत नाही. सरांना मी हे सगळं सांगितलं.

दुपारी ट्रेडरची मेल आली: इन्व्हॉइसवर ‘स्टेनलेस स्टील स्पेअर्स’ लिहा, परवान्याची भानगड नको. ती मेल मी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी एकदाच वाचली आणि अकाउंट्सला फोन करून ॲडव्हान्स परत पाठवायला सांगितला. संध्याकाळी सगळा पत्रव्यवहार जोडून मी डीजीएफटीला कळवलं.

सेल्सचं त्या वर्षीचं टार्गेट हुकलं. सर बरेच दिवस नाराज होते, आणि त्यांची नाराजी मला समजत होती. आता एंड यूजरचं नाव आल्याशिवाय आमच्याकडून कोटेशन जात नाही.