वास आला म्हणजे क्लोरीन जास्त, हा माझा गैरसमज

मी लातूरला खेळाचा शिक्षक. पोहायला शिकवता येत होतं, तलावाचं पाणी सांभाळणं मात्र कधी केलं नव्हतं. उन्हाळी शिबिराच्या चौथ्या दिवशी पोरं डोळे चोळत बाहेर येऊ लागली. "सर, लई वास यायलाय, औषध कमी टाका," पालक म्हणाले. मी कमी केलं. दोन दिवसांत वास वाढला आणि पाण्यावर हिरवट झाक आली.

फिल्टर बघणाऱ्या काकांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायची, पहिली गोळी टाकली. ती फक्त मोकळं क्लोरीन दाखवते, दुसरी एकूण. गुलाबी रंग आला न आला. दुसरी टाकताच नळी गडद झाली. दोन्हींतला फरक ०.८ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम. घाम आणि लघवीशी जखडलेलं हे क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन. वास त्याचा, डोळे लाल तेच करतं. जंतू मारणारं मोकळं क्लोरीन जवळजवळ संपलं होतं. त्यात बोअरचं पाणी, पीएच ८. त्या पीएचला मोकळ्या क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा कामाचा उरतो, ७.२ ला दोनतृतीयांश.

तलाव रिकामा करून नव्यानं भरा, असंही कुणी सुचवलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातुरात साडेतीन लाख लिटर पाणी ओतून देणं मला पटलं नाही.

दोन दिवस तलाव बंद ठेवला. आधी बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला. मग पीएच उतरवायला हातमोजे, चष्मा घालून अ‍ॅसिड पाण्यात पातळ करून सोडलं आणि पंप चालू ठेवला. क्लोरीन कित्येक तासांनी, अंधार पडल्यावर, कारण उन्हात ते उडून जातं. जखडलेल्याच्या दहापट, म्हणजे ८ पीपीएम. ६५ टक्के क्लोरीनची पावडर साधारण ४.३ किलो. बादली वेगळी, कोरडी. आधी पाणी, मग पावडर. पावडरवर पाणी कधीच नाही. अ‍ॅसिडच्या बादलीत ही पावडर पडली तर विषारी वायू निघतो, हे काकांनी मला तीनदा बजावलं.

तिसऱ्या सकाळी पीएच ७.४, मोकळं क्लोरीन २. खोल बाजूच्या काठावर उभा राहिलो तर तळाची जाळी दिसली, तिचे चारही स्क्रू दिसले. हिरवट पाण्याच्या त्या दोन दिवसांत ती जाळी मला दिसत नव्हती, तरी मी चाळीस पोरं पाण्यात सोडली होती. एखादं तळाशी गेलं असतं तर मला कळलंही नसतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता सकाळी सहाला आधी जाळी बघतो, मग नळी. डोक्याला तेल थापून आलेल्या पोराला शॉवरखाली साबण लावूनच आत घेतो. आया रागावतात. रागावू देत.