लिहून देणार

आईला कादंबरीतल्या बेनेटबाईंचं हसू आलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

आई ८१ वर्षांची आहे. काचबिंदूने नजर हळूहळू गेली आणि दोन वर्षांपूर्वी वाचन पूर्ण सुटलं. ती नौपाड्यात माझ्या धाकट्या भावाकडे असते, मी खाडीपलीकडे कळव्याला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी जाते आणि तीन ते पाच तिला वाचून दाखवते. भावजय कामावर जाताना थर्मासमध्ये चहा भरून ठेवते. डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या अगदी सारख्या, म्हणून तिने सकाळच्या बाटलीला एक रबरबँड गुंडाळलाय आणि रात्रीच्या बाटलीला दोन. आई चाचपून बरोबर बाटली उचलते. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी माझ्या भावजयीला नावं ठेवू नयेत.

आई ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची कितीतरी वर्षांची सभासद. तिथली तिच्या आवडीची पुस्तकं आमची वाचून झाली, काही दोनदा. "आता वेगळं काहीतरी सांग," म्हणाली. मी माझी कॉलेजातली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या जेन ऑस्टेनच्या इंग्रजी कादंबरीची प्रत काढली. पुस्तक समोर धरायचं आणि तोंडाने मराठीत सांगत जायचं, असं सुरू केलं.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बेनेट कुटुंबाला लाँगबोर्नची मालमत्ता आहे, वर्षाला २,००० पौंड उत्पन्न. पाच मुली, मुलगा नाही. आणि आधीच्या पिढीने कागद करून ठेवलाय की मालमत्ता पुरुष वारसाकडेच जाईल. म्हणजे बेनेट गेले की घर कॉलिन्स नावाच्या भाऊबंदाचं. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. "भाऊबंद" म्हटल्यावर तिने नुसती मान हलवली.

बेनेटबाई पहिल्या पानापासून मुलींच्या लग्नासाठी जिवाचा आटापिटा करतात, मोठमोठ्याने बोलतात, त्यांच्या नसा दुखतात, आणि बेनेट आपल्या पुस्तकांच्या खोलीत बसून त्यांची थट्टा करतात. मी विशीत हे वाचलं तेव्हा बेनेटांवर जीव टाकला होता. केवढं तल्लख बोलतो हा माणूस! त्यांचे संवाद मी आईला अगदी रंगवून सांगितले. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "तो हसतो. पण त्याने केलं काय पोरींसाठी? ती बाई निदान धावपळ तरी करते."

मी पुस्तक उघडून तपासलं. पन्नासाव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. बेनेटांनी कधी पैसा बाजूला टाकला नाही, कारण लग्न झाल्यावर त्यांनी गृहीत धरलं होतं की मुलगा होणारच. तो सज्ञान झाला की बापलेक मिळून तो कागद रद्द करणार, आणि मग बाई आणि बाकीची मुलं यांची सोय होणार. पाठोपाठ पाच मुली झाल्या. धाकटी लिडिया झाल्यावरही कित्येक वर्षं बेनेटबाईंना वाटत होतं, आता मुलगा होईल. ती आशा सुटली तेव्हा काटकसर करायला फार उशीर झाला होता. बायको-मुलींच्या नावाने लावलेले एकूण ५,००० पौंड. चार टक्क्यांनी वर्षाला २०० होतात. २,००० वर चालणारं घर सहा बायकांनी २०० वर चालवायचं, तेही डोक्यावर छप्पर नसताना. बेनेटबाईंच्या नसा दुखणार नाहीत तर काय होईल? तीन वेळा वाचलेल्या पुस्तकात मला हा हिशेब दिसला नव्हता. आईला पुस्तक न बघता दिसला.

"तिला मुलगा दे," आई म्हणाली. "तूच सांगतेयस ना गोष्ट? मग दे एक."

मी वही घेतली. खरंच घेतली, दोनशे पानी. बेनेटबाईंच्या पदरात लिडियानंतर दोन वर्षांनी मुलगा घातला. गोष्ट सुरू होते तेव्हा लिडिया १५ वर्षांची, म्हणजे हा १३ चा. मला वाटलं होतं, एवढ्याने सगळं सुरळीत होईल.

आख्खं पुस्तक उसवलं. मुलगा आहे म्हटल्यावर कॉलिन्स वारस उरत नाही. वारस नाही तर तो लाँगबोर्नला येतच नाही, दुसऱ्या मुलीला, म्हणजे नायिका लिझीला, मागणी घालत नाही. लिझीने नकार दिल्यावर तीन दिवसांच्या आत तिची २७ वर्षांची मैत्रीण शार्लट त्याला हो म्हणते, तेही घडत नाही. शार्लट लग्न होऊन केंट परगण्यात गेली नाही, तर लिझी तिच्याकडे राहायला जात नाही. तिथेच तर ईस्टरला मावशीकडे आलेल्या डार्सीची, म्हणजे गोष्टीच्या नायकाची, आणि तिची पुन्हा गाठ पडते. तिथेच तो ते उद्धट प्रेम व्यक्त करतो, ती त्याला झिडकारते आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात पत्र ठेवतो. पत्र नाही, तर लिझीचं मत बदलत नाही. पुढे डार्सीच्या मावशीला, लेडी कॅथरीनला, यांच्या लग्नाची कुणकुण लागते तीही कॉलिन्सच्याच घरातून. ती तणतणत लाँगबोर्नला येते आणि त्या भांडणातूनच डार्सीला आशा वाटते. सगळंच गेलं. हे प्रेम उभं आहे ते घर जाणार या एका भीतीवर.

सगळ्यात जास्त मला लागलं ते लिझीच्या नकाराचं. कॉलिन्स मागणी घालताना तिला आठवण करून देतो की तुझ्या वाट्याला आईच्या मागे फक्त १,००० पौंड येणार आहेत. तरी ती नाही म्हणते. पुढे वर्षाला १०,००० पौंडवाल्या डार्सीलाही नाही म्हणते. मी भाऊ दिला आणि तिचं ते 'नाही' एकदम हलकं झालं. घर सुरक्षित असताना कुणीही नाही म्हणेल.

आईला हे सांगितलं. तिने विचारलं, "आणि मुलाचं लग्न झालं की?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच लेखिकेने आधी लिहून ठेवलंय. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या दुसऱ्या प्रकरणात. मरणाऱ्या वडिलांना मुलाने शब्द दिलाय की सावत्र आईला आणि तीन बहिणींना मदत करीन. तो ठरवतो, प्रत्येकीला १,००० पौंड. त्याची बायको बोलायला लागते. आपल्या छोट्याच्या तोंडचं काढून कशाला द्यायचं? मग प्रत्येकी ५००. मग सावत्र आईला वर्षाला १०० बांधून द्यावेत. पण ती पंधरा वर्षं जगली तर? मग अधूनमधून ५० पौंड. शेवटी ठरतं की घर बदलताना सामान हलवायला मदत करू आणि मोसमात मासे आणि शिकार पाठवू. आवाज चढत नाही, भांडण होत नाही. दोघंही समाधानाने उठतात. आईने हे प्रकरण मला दोनदा सांगायला लावलं.

आता माझं सांगते. मी ३४ वर्षं कोर्ट नाक्यावर एका वकिलांकडे टायपिस्ट होते, इंग्रजी आणि मराठी. साठेखत, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, आणि हक्कसोडपत्र. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, २००५ साली सगळ्या देशाने दिला, आणि माझ्या टेबलावरची हक्कसोडपत्रं वाढत गेली. मजकूर मला पाठ होता. वर 'लिहून घेणार' म्हणजे भाऊ, खाली 'लिहून देणार' म्हणजे बहिणी. 'बंधुप्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना.' बहिणी बाकावर ओळीने बसलेल्या असायच्या, बऱ्याचदा चांगली साडी नेसून, कारण सही झाल्यावर भाऊ जेवायला नेणार असायचा.

२००९ साली मी आमचं टाईप केलं. अप्पांनी १९७४ साली घेतलेली दोन खोल्यांची जागा, मृत्युपत्र नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आई, आम्ही तीन बहिणी आणि भाऊ, पाच सारखे हिस्से. इमारत पुनर्विकासाला निघाली होती. भाऊ म्हणाला, "ताई, एकच नाव असलं की कागद सोपे पडतील." खोटं बोलत नव्हता. मीही तेच मानत होते, शिवाय तो आईला सांभाळणार होता आणि त्याने सांभाळलं. दुय्यम निबंधकांकडे आमचे फोटो निघाले, अंगठे उठले, तलावपाळीजवळ आम्ही डोसे खाल्ले. दोघी बहिणी संध्याकाळच्या गाडीने आपापल्या घरी गेल्या.

हे मी आईला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या शुक्रवारी, मासे आणि शिकारीचं प्रकरण दुसऱ्यांदा संपल्यावर, तिने स्वतःच विचारलं.

"माझीपण सही होती ना गं त्यावर?"

"होती."

"साक्षीदार म्हणून."

मी म्हटलं, "नाही आई. तुझं नाव पहिलं होतं. लिहून देणार क्रमांक एक."

"मला वाटलं मी साक्षीदार होते," ती म्हणाली.

तो कागद मी टाईप केला होता. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक परक्या बाईला मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचे, वकीलसाहेबांची तशी शिस्तच होती. आईला वाचून दाखवला नव्हता. घरचंच माणूस, घरचंच काम, आणि तेव्हा तिला चष्म्याने दिसत होतं, म्हणून दाखवला नव्हता. मी चहा ओतला. तिच्या कपाला दोन्ही हात लावून दिले आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

चहा संपल्यावर तिने वेगळंच काढलं. "ती लिहिणारी बाई, तिचं स्वतःचं घर होतं का?"

नव्हतं. जेन ऑस्टेनचे वडील १८०५ साली वारले. त्यानंतर आई आणि दोघी बहिणी मुख्यतः भावांनी वर्षाला लावून दिलेल्या पैशांवर जगल्या आणि या गावाहून त्या गावाला राहिल्या. १८०९ साली एका भावाने चॉटनचं घर राहायला दिलं. भाऊ चांगलाच होता, त्याला श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलेलं. त्या घरात बसून तिने जुनी बाडं पुन्हा लिहून काढली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३च्या जानेवारीत आलं. स्वामित्वहक्क तिने ११० पौंडांना प्रकाशकाला कायमचा लिहून दिला. तिला १५० हवे होते.

"लिहून दिला," आई म्हणाली.

त्यानंतरच्या मंगळवारी मी आणखी एक गोष्ट शोधून नेली. लेडी कॅथरीन, ती डार्सीची खडूस मावशी, एके ठिकाणी लिझीला सांगते की मुलींना डावलून मालमत्ता पुरुष वारसाला बांधून ठेवण्याची तिला काही गरज दिसत नाही, तिच्या नवऱ्याच्या घराण्याला ती कधी वाटली नाही. रोझिंग्जचा सगळा वाडा तिच्या एकुलत्या एका मुलीला मिळणार आहे. म्हणजे त्याच पुस्तकात, त्याच देशात, मुलीला घर मिळतंय. लाँगबोर्नला जे नडलं ते लाँगबोर्नच्याच कुणीतरी करून ठेवलेल्या कागदामुळे. देशातल्या सगळ्या मुलींचा तो कायदा नव्हता.

आई उठून बसली. "मग तसं लिही. मुलगा काढून टाक."

मी तेरा वर्षांच्या त्या मुलाला वहीतून काढला. थोडं वाईट वाटलं, त्याला मी चांगलं लिहिलं होतं. लाँगबोर्नचा कागद रोझिंग्जसारखा केला. घर बेनेटांच्या मागे बाईंचं, त्यांच्या मागे पाचही मुलींचं, सारखं. लिझीचा नकार हलका होईल ही भीती मला अजून आहे, पण आईला ती वाटत नाही. डार्सीला ती अजून भेटायची आहे आणि कॉलिन्सशिवाय कशी भेटवावी ते मला सुचलेलं नाही. आई म्हणते, "ती तिच्या घरात आहे ना? मग बसू दे. घाई काय आहे?"

गेल्या शुक्रवारी मी तिला नेदरफील्ड या शेजारच्या बंगल्यातल्या नाचाची रात्र वाचून दाखवली. मूळ पुस्तकात बेनेटबाई रात्रीच्या जेवणाला लेडी लुकासशेजारी बसतात आणि थोरली जेन आता श्रीमंत बिंगलीच्या घरी पडणार, धाकट्यांचीही सोय होणार, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत सुटतात. समोर डार्सी बसलेला असतो. जेनचं लग्न मोडायला हेही एक कारण होतं. माझ्या वहीत बाई गप्प आहेत, कारण सांगत सुटावं असं त्यांच्या पोटात काही नाही. त्या शेजारणीला म्हणतात, यंदा थंडी लवकर पडली. समोर सूप येतं. बिंगलीने या रात्रीसाठी मुद्दाम करवून घेतलेलं पांढरं सूप, तेवढं मी मूळ पुस्तकातलंच ठेवलंय.

"पांढरं म्हणजे?" आईने विचारलं.

"बदाम वाटून घालतात. साय घालतात."

"गरम असतं?"

"गरम असतं."

"मग ती अजून एकदा घेते असं लिही," आई म्हणाली. मी तिथेच पेन काढलं आणि समासात लिहिलं.