तिन्ही कंट्रोलर एकदम बंद पडले तेव्हा

मे महिन्यातली दुपार, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. लाइट गेली. उन्हाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या आधीच थकलेल्या. जनरेटरने लोड घ्यायच्या आत त्यांनी मान टाकली आणि सर्व्हर रूममधलं सगळं एका क्षणात बंद झालं.

इथला खासगी क्लाउड मी सांभाळतो. कोल्ला-अ‍ॅन्सिबल या साधनाने बसवलेला ओपनस्टॅक (क्लाउड चालवणारं सॉफ्टवेअर), त्याचं नियंत्रण करणारे तीन कंट्रोलर सर्व्हर आणि डिस्कसाठी सेफ (Ceph) या साठवण प्रणालीचे पाच सर्व्हर. ईआरपी, मागांच्या उत्पादनाची नोंद, डिस्पॅच, सगळं त्यावरच्या व्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणकांत, चालतं.

लाइट आली, सर्व्हरचे पंखे घोंघावू लागले, तोच डिस्पॅचचे काका दारात. "साहेब, कंटेनर भरून उभा हाय. पॅकिंग लिस्ट निघंना. लवकर बगा की ओ."

हॉरायझनवर, म्हणजे ओपनस्टॅकच्या वेब पानावर, लॉगिन होत नव्हतं. तरी मी आधी सेफकडे वळलो, कारण व्हीएमच्या डिस्क तिथेच असतात. एक सर्व्हर मेमरी तपासत रेंगाळला होता. एकेक डिस्क सांभाळणारी सेफची प्रक्रिया, म्हणजे ओएसडी, 10 मिनिटं दिसली नाही, तर सेफ तिला बाद धरून डेटा इतरत्र हलवायला घेतो. म्हणून ते रोखणारं 'नोआउट' लगेच लावलं. सेफवर लक्ष ठेवणाऱ्या तिन्ही 'मॉनिटर'ची घड्याळंही जुळवली. त्यांच्यात 0.05 सेकंदाहून जास्त फरक पडला, तरी सेफ तक्रार करतो.

खरी अडचण ओपनस्टॅकच्या नोंदी ठेवणाऱ्या मारियाडीबी डेटाबेसची होती. त्याच्या तीन प्रती जुळत्या ठेवणाऱ्या गॅलेरा क्लस्टरचे तिन्ही नोड (सर्व्हर) 'आधी तुम्ही' म्हणत अडून बसलेले. प्रत्येकाच्या ग्रास्टेट या स्थिती नोंदवणाऱ्या फाइलमध्ये सीक्नो (शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक) -1, म्हणजे माहीत नाही, आणि 'सेफ टू बूटस्ट्रॅप' (याच्यापासून क्लस्टर सुरू करणं सुरक्षित का) 0, म्हणजे नाही. म्हणजे नीट बंद व्हायला कुणालाच वेळ मिळाला नव्हता.

माझ्यासोबतचा पोरगा हुशार, पण घाईला आलेला. "सर, पहिल्यावर 1 करून टाकू का? पाच मिनिटांत उठेल."

उठला असता. पण पहिला नोड मागे असेल, तर उरलेले दोघे त्याचीच प्रत घेतात आणि शेवटचे व्यवहार कायमचे पुसले जातात. मग सेफमध्ये व्हॉल्यूम (व्हीएमची डिस्क) असतं, पण डिस्कचा हिशेब ठेवणाऱ्या सिंडरला त्याचा पत्ता नसतो. असा घोळ निस्तरणं फार वाईट. दारात कुणीही उभं असो, इथे घाई करायची नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक नोडवर 'डब्ल्यूएसरेप-रिकव्हर' चालवून शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक काढला. पहिला नोड खरंच मागे होता. सगळ्यात पुढे तिसरा. बूटस्ट्रॅप त्याच्यावरून केलं, मग बाकीचे दोघे जोडले. पोरगा ते आकडे बराच वेळ बघत राहिला.

पुढे निरोप पोचवणारा रॅबिटएमक्यू, लॉगिन तपासणारा कीस्टोन, व्हीएम चालवणारा नोव्हा सरळ उठले. होस्ट चालू झाल्यावर व्हीएम आपोआप सुरू करायची सोय नोव्हात मुळात बंद असते, आणि आम्ही ती तशीच ठेवली आहे. आधी डेटाबेसचा व्हीएम, मग ईआरपी, मग प्रिंट सर्व्हर, असे हाताने चालू केले. पॅकिंग लिस्ट निघाली, काकांनी ती ड्रायव्हरच्या हातात दिली.

बॅटऱ्या बदलल्या. शिवाय आता यूपीएस उतरायला लागला की एक स्क्रिप्ट व्हीएम बंद करते आणि मग डेटाबेसचे नोड एकेक करून थांबवते. सगळ्यात शेवटी थांबणाऱ्या नोडच्या फाइलमध्ये गॅलेरा स्वतःच 'सेफ टू बूटस्ट्रॅप' 1 लिहून ठेवतो. स्क्रिप्ट त्या पोरानेच लिहिली, आणि कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मेन स्विच पाडून तपासलीही त्यानेच.