शावुओतच्या रात्रीची तयारी

५ सिवान (ज्यू पंचांगातला महिना), दुपार. जेरुसलेम.

सूर्य मावळायला अजून साडेपाच तास आहेत. शावुओत म्हणजे ज्यूंना तोरा, म्हणजे त्यांचा मूळ धर्मग्रंथ, मिळाल्याचा सण; त्या रात्री जागून अभ्यास करायची रीत आहे. रात्रभराच्या अभ्यासाचा विचका होतो तो बहुतेक वेळा दिवसाउजेडीच झालेला असतो. एकदा सण लागला की लिहिणं नाही, कागद फाडणं नाही, विजेच्या बटणाला हात नाही.

उताऱ्यांचे कागद छापून, कापून, टाचून आत्ताच तयार हवेत. अक्षर मोठं हवं आणि प्रत्येक वचनाला क्रमांक हवा. टिपण काढता येत नाही, त्यामुळे ‘तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं’ असं तोंडीच सांगावं लागतं. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते शाबातचं घड्याळ, म्हणजे दिवे आपोआप लावणारं-घालवणारं. नेहमीच्या शुक्रवारसारखं साडेअकराला दिवे घालवायला ते लावलेलं असतं, कोणी बदलत नाही, आणि ऐन वादाच्या भरात सगळे अंधारात! पाण्याचं सोपं गणित: ६० माणसं, प्रत्येकी ३ कप, कप १५० मिलीचा, म्हणजे २७ लिटर. ३० लिटरचं विजेचं भांडं काठोकाठ भरून सूर्यास्तापूर्वी उकळलेलं पाहिजे.

या सणाला दुधाचे पदार्थ खातात, त्यामुळे चीजकेकचा घोळ वेगळाच. रात्री साडेनऊला मटण जेवलेल्याला, मांसानंतर सहा तास थांबायची रीत पाळायची तर, साडेतीनपर्यंत दुधाचं काही चालत नाही. एक तर जेवणच दुधाचं ठेवा, नाहीतर काळी कॉफी आणि खारे दाणे. मला दाणेच बरे वाटतात. गोडाने एक वाजताच डोळे मिटतात.

या रात्रीच्या जुन्या पाठाला तिक्कुन म्हणतात. तोराच्या प्रत्येक साप्ताहिक भागाची पहिली आणि शेवटची काही वचनं, इतर ग्रंथांचे आरंभ-शेवट, रूथ हे बायबलमधलं छोटं पुस्तक पूर्ण, मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाच्या प्रकरणांची टोकं, तोरातल्या ६१३ आज्ञांची यादी, झोहर या गूढवादी ग्रंथाचे उतारे. धर्मशास्त्रकार योसेफ कारोंसोबतच्या अशा एका रात्रीचं वर्णन १६व्या शतकातले कवी श्लोमो अल्काबेत्झ यांच्या पत्रात आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी पाठाऐवजी व्याख्यानंच असतात. बारापर्यंत ठीक. दोननंतर कितीही विद्वान वक्ता असला तरी समोर माना डुलतात. तिथून पुढे हावरुताच हवी: दोघं समोरासमोर, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. तिघं बसवले तर तिसरा हमखास झोपतो.

उताराही भांडता येईल असा निवडावा. रूथ ३:१५ घ्या. शेतमालक बोअज त्याच्या शेतात धान्य वेचणाऱ्या रूथच्या पदरात सहा जव मोजून घालतो. सहा काय? वचन माप सांगतच नाही. सहा सेआ (धान्याचं जुनं माप) धरले तर दोन एफा (तीन सेआंचा एक) होतात, म्हणजे तिने दिवसभर वेचून झोडपून मिळवलेल्या धान्याच्या (२:१७, सुमारे एक एफा) दुप्पट. एवढं ओझं बाई नेत नाही, म्हणून मध्ययुगीन भाष्यकार राशी म्हणतात, अक्षरशः सहा दाणे. मग लगेच दुसरा विचारतो, सहा दाण्यांसाठी पदर कशाला पसरायचा? अर्धा तास सहज निघतो.

पहाटेचा पेच आशीर्वादांचा. रात्रभर जागलेल्याने तोराच्या अभ्यासाचे सकाळचे आशीर्वाद पुन्हा म्हणावेत का, यावर मतभेद आहेत. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपी परंपरेचे ज्यू) सहसा झोपून उठलेल्या माणसाकडून ऐकतात आणि ‘आमेन’ म्हणतात. सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या परंपरेचे) बहुधा स्वतःच म्हणतात. आपल्या बेने इस्रायलींची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंची, उपासनाही सेफार्दी वळणाचीच. इथे सूर्योदय साधारण साडेपाचला. मुख्य प्रार्थना नेमकी त्या क्षणी सुरू व्हायची तर पाचच्या आधीच सगळे उभे हवेत, आणि तेव्हा झोपून उठलेला माणूस शोधत बसायला वेळ नसतो. तो आजच ठरवून ठेवावा.

धर्मपंडित रब्बी अकीवा ऐगर यांचं मत असं, की आदल्या दिवशी अंथरुणावर नीट झोप झाली असेल तर रात्रभर जागूनही हे आशीर्वाद स्वतः म्हणता येतात. म्हणजे दुपारच्या झोपेचा दुहेरी फायदा. खुर्चीतली डुलकी मात्र त्यात धरत नाहीत. घड्याळ बदलून झालं की आडवं व्हायचं.